भाडोत्री संहिता : विद्यार्थ्याचा निबंध आणि लेखकत्वाचा प्रश्न

१

काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठात पीएच.डी.च्या मौखिकीसाठी बहिःस्थ परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. प्रबंध साठोत्तरी मराठी कवितेविषयी होता. अशा प्रबंधांत एरवी आढळणारी चरित्रात्मक माहितीची खोगीरभरती त्यात नव्हती. संदर्भ नेटके होते, आणि तिसऱ्या प्रकरणात काव्यातील संदिग्धतेविषयी असा एक परिच्छेद होता की तो वाचताना मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. परीक्षकाच्या आयुष्यात असे क्षण फार येत नाहीत. मौखिकीत मी उमेदवाराला विचारले, ‘हा विचार आपल्याला प्रथम कोणत्या कवितेपाशी सुचला?’ प्रश्नात कसलाही डाव नव्हता. निखळ कुतूहल होते. उमेदवार थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘सर, ते तिसऱ्या प्रकरणात दिलेले आहे.’

‘दिलेले आहे’ ही वाक्यरचना तेव्हापासून माझ्या मनातून गेलेली नाही. स्वतः लिहिलेल्या ग्रंथाविषयी माणूस ‘मी म्हटले आहे’, ‘मला तेथे नीट मांडता आले नाही’ असे बोलतो. ‘दिलेले आहे’ असे आपण क्रमिक पुस्तकाविषयी, पंचांगाविषयी किंवा औषधाच्या बाटलीवरील सूचनेविषयी बोलतो. कर्ता त्या वाक्यातून नाहीसा झाला होता, आणि त्या क्षणी मला कळले की तो प्रबंधातूनही नाहीसा झालेला आहे. पदवी अर्थातच मिळाली. अहवालात मी ‘विवेचन मार्मिक आहे’ असे लिहिले आणि ते खरेच होते.

मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी निबंध, प्रकल्प, शोधनिबंध अथवा प्रबंध लिहून देण्याचा व्यवहार आपल्याकडे सर्वज्ञात आहे. विद्यापीठांच्या परिसरातील टंकलेखनाच्या आणि बाइंडिंगच्या दुकानांत त्याची बोलणी होतात आणि प्राध्यापकांच्या खोल्यांत त्याविषयी विनोद होतात. त्याची चर्चा मात्र नेहमी शिस्त, नीती आणि कारवाई याच परिभाषेत होते. प्रस्तुत लेखात हा प्रश्न साहित्यविचाराच्या कक्षेत आणण्याचा प्रयत्न आहे. विकत घेतलेला निबंध ही प्रथमतः एक संहिता आहे. ती कशा प्रकारची संहिता आहे, तिच्यावरील नाव आणि तिच्यातील आकलन यांचा संबंध काय, आणि विद्यार्थ्याचा निबंध हा प्रकारच आपण असा का घडवला की तो सहज विकत मिळावा, हे प्रश्न समीक्षेने टाळण्याजोगे नाहीत.

२

येथे एक आक्षेप संभवतो. रोलाँ बार्थ यांनी १९६७-६८च्या सुमारास लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. मिशेल फुको यांनी १९६९मध्ये ‘लेखक म्हणजे काय?’ असा प्रश्न विचारून लेखक ही व्यक्ती नसून संहितांच्या व्यवहारातील एक कार्य आहे, असे दाखवून दिले. आपल्या मराठी विभागांत हे विचार गेली तीन दशके शिकवले जात आहेत. प्रत्येक संहिता जर इतर संहितांच्या धाग्यांनीच विणलेली असेल आणि लेखक हा अर्थाचा धनी नसेल, तर प्रबंधावर कोणाचे नाव आहे याची चिंता आपण कोणत्या तोंडाने करावी? आपले विद्यार्थी आपल्यापेक्षा अधिक सुसंगत उत्तर-संरचनावादी आहेत, असेच म्हणावयास नको काय?

हा आक्षेप चमकदार असला तरी तो बार्थ यांचे अर्धेच म्हणणे ऐकतो. त्यांच्या मांडणीत लेखकाच्या मृत्यूची किंमत चुकवून वाचक जन्माला येतो. अर्थाची जबाबदारी नाहीशी होत नाही, ती वाचणाऱ्याकडे जाते. भाडोत्री प्रबंधात वाचकाचा जन्मच होत नाही. ज्याचे नाव मुखपृष्ठावर आहे त्याने तो बहुधा पूर्ण वाचलेला नसतो. मार्गदर्शक चाळतो, परीक्षक घाईत असतो, आणि अखेरीस तो ग्रंथालयाच्या कपाटात किंवा गांधीनगरच्या ‘शोधगंगा’ या संगणकीय भांडारात विसावतो. ज्या संहितेचा लेखक लपलेला आहे आणि वाचक संभवलेलाच नाही, ती संहिता मुक्त नसते. ती बेवारस असते.

फुको यांचा विचार येथे अधिक उपयोगी पडतो. लेखकाचे नाव काही विशिष्ट प्रकारच्या लेखनातच कार्य करते, इतरत्र ते नसले तरी चालते, असे त्यांचे निरीक्षण आहे. करारपत्राखाली सही असते, पण त्याला लेखक नसतो. भिंतीवरील मजकूर कोणीतरी लिहिलेला असतो, पण त्यालाही लेखक नसतो. आता विद्यार्थ्याच्या निबंधाचा विचार करावा. कादंबरीवरील नाव पुसले तरी कादंबरी उरते. विद्यार्थ्याच्या निबंधावरील नाव पुसले तर त्याचे प्रयोजनच संपते. हरितगृह परिणामावर किंवा ‘ययाती’तील स्त्रीचित्रणावर जगाला आणखी एक निबंध हवा असतो म्हणून तो लिहवून घेतला जात नाही. विशिष्ट व्यक्तीने तो विचार स्वतः करून पाहावा म्हणून तो लिहवून घेतला जातो. म्हणजे सर्व लेखनप्रकारांत नावाचे कार्य जर कोठे पराकोटीला जात असेल, तर ते या सर्वांत दुर्लक्षित प्रकारात.

३

लिहिणारा हात आणि धारण केलेले नाव ही दोन वेगळी असू शकतात, हे आपल्या परंपरेला नवे नाही. म्हणूनच केवळ ‘दुसऱ्याने लिहिले’ एवढ्यावरून निषेध करणे पुरेसे ठरत नाही. या भिन्नतेचे निदान तीन प्रकार आपल्याकडे दिसतात.

पहिला लेखनिकाचा. ‘ज्ञानेश्वरी’च्या अखेरीस सच्चिदानंदबाबांचा लेखक म्हणून आदराने निर्देश येतो, रामदासांच्या बाबतीत कल्याणस्वामींचे नाव घेतले जाते, तुकोबांच्या बाबतीत संताजी जगनाडे यांचे. येथे हात एकाचा आणि वाणी दुसऱ्याची आहे. पण हाताचे नाव लपवलेले नाही. परंपरेने ते कृतज्ञतेने जपले आहे.

दुसरा प्रकार नाममुद्रेचा. नामदेव, तुकाराम, जनाबाई यांच्या नाममुद्रेने अंकित झालेल्या अनेक रचना त्यांच्या नाहीत, हे संशोधकांनी दाखवून दिले आहे. कोणी अज्ञात कवी आपली रचना मोठ्या नावाच्या पदरी टाकून स्वतः बाजूला झाला. त्यात मोबदला नव्हता. असलीच तर भक्ती होती किंवा संप्रदायात सामावून जाण्याची इच्छा होती. नाव येथे लहानाकडून मोठ्याकडे वाहते. भाडोत्री लेखनात त्याचा प्रवाह नेमका उलटा आहे. ज्याला विषय कळतो तो आपले नाव पुसतो, आणि ज्याला तो कळत नाही त्याचे नाव तेथे लागते.

तिसरा प्रकार व्यास-गणेशाच्या कथेचा. आपली लेखणी थांबता कामा नये, अशी अट गणेशाने घातली, आणि अर्थ कळल्यावाचून एकही अक्षर लिहू नये, अशी प्रतिअट व्यासांनी घातली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीत ही कथा मूळ संहितेतून वगळून परिशिष्टात गेली आहे. १९३३मध्ये पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या संपादनात वि. स. सुखटणकर यांनी हस्तलिखितांच्या साक्षीने तो निर्णय घेतला. कथा उत्तरकालीन ठरली, तरी ती रचणाऱ्याची सूक्ष्म दृष्टी त्यामुळे उणी होत नाही. दुसऱ्यासाठी लिहिणाऱ्यालाही समजून घ्यावे लागते, किंबहुना समजल्यावाचून त्याने लिहूच नये, हा त्या अटीचा आशय आहे. आजच्या व्यवहारात ही अट भाडोत्री लेखक प्रामाणिकपणे पाळतो. ती मोडतो तो ज्याच्या नावावर ग्रंथ जातो तो.

या तिन्ही प्रकारांशी तुलना केली असता भाडोत्री संहितेचे वेगळेपण स्पष्ट होते. हात आणि नाव वेगळे असणे हा तिचा दोष नव्हे. आकलन आणि नाव यांची तिच्यात कायमची फारकत झालेली असते, आणि ती फारकत लपवणे हाच त्या व्यवहाराचा मुख्य करार असतो.

४

ही फारकत शक्य कशी झाली? माझ्या मते तिचे मूळ बाजारात शोधण्याआधी आपल्या निबंधात शोधले पाहिजे.

‘निबंध’ या शब्दाचा मूळ अर्थ बांधणे असा आहे. तेराव्या शतकातील हेमाद्रीचा ‘चतुर्वर्गचिंतामणी’ किंवा १६१२मधील कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधू’ हे धर्मशास्त्रातील निबंधग्रंथ होत. नाना स्मृतिपुराणांतील वचने एकत्र बांधायची, त्यांतील विरोधाची संगती लावायची आणि निर्णय द्यायचा, हे निबंधकाराचे काम. वचने इतरांची असत; निर्णयाची जबाबदारी मात्र त्याची असे. याउलट माँतेन्य यांनी १५८०मध्ये आपल्या लेखनाला जे फ्रेंच नाव दिले त्याचा अर्थ प्रयत्न, कस लावून पाहणे असा आहे. मला काय वाटते, हे मलाच अद्याप ठाऊक नाही, ते लिहून पाहतो, ही त्यामागची भूमिका. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हा मराठीत या दोन्हींचा संयोग झाला. संस्कृत आणि इंग्रजी विद्येचा आधार घेऊन प्रतिपक्षाशी भिडणारे, कोणाचे आहे याविषयी शंकाच उरू नये असे ते गद्य होते. त्यांच्या मतांचा आणि पूर्वग्रहांचा आपण आज कितीही प्रतिवाद केला, तरी ‘निबंधमाले’चे चौऱ्याऐंशी अंक दुसऱ्या कोणी लिहून दिले असते अशी कल्पनाही करता येत नाही.

शालेय निबंधाने या दोन्ही परंपरांची टरफले तेवढी उचलली. धर्मनिबंधाकडून वचनांचा संग्रह घेतला, निर्णय सोडला. म्हणून निबंधात सुभाषिते येतात, मत येत नाही. ललित आणि लघुनिबंधाकडून ‘मी’ घेतला, कसोटी सोडली. ‘माझा आवडता ऋतू’ या निबंधात पावसाळा आवडता असतो, मातीचा सुगंध दरवळतो आणि बळीराजा सुखावतो. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६मध्ये प्रसिद्ध झाले. पाहणाऱ्या डोळ्यांवाचून ऋतू लिहिता येत नाही, हा त्या पुस्तकाचा धडा आपल्या निबंधाच्या तासाला अजून पोचलेला नाही.

सर्वांत बोलका प्रकार म्हणजे आत्मवृत्त. फाटक्या पुस्तकाचे मनोगत, पडक्या वाड्याचे आत्मवृत्त, नदीची कैफियत. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला आपण पुस्तकाच्या, वाड्याच्या आणि नदीच्या वतीने ‘मी’ म्हणावयास शिकवतो आणि अखेरीस ‘एवढे बोलून ते पुस्तक थांबले’ असे लिहवून घेतो. कल्पनाशक्तीच्या व्यायामासाठी यात गैर काही नाही. परंतु त्याच मुलाला स्वतःच्या वतीने, स्वतःच्या घराविषयी, स्वतःला न पटलेल्या गोष्टीविषयी ‘मी’ म्हणण्याची संधी दहा वर्षांच्या शिक्षणात एकदाही मिळत नसेल, तर ‘मी’ हे दुसऱ्यासाठी वापरावयाचे सर्वनाम आहे असा धडा तो आपोआप घेतो. निबंधांची तयार पुस्तके हीच शिकवण पक्की करतात. पाठ केलेला निबंध परीक्षेत उतरवण्यास आपण तयारी म्हणतो. पुढे एम.ए.ला विकत घेतलेला प्रकल्प दिसला की त्याला फसवणूक म्हणतो. या दोहोंमधील अंतर आपण समजतो तितके मोठे नाही.

५

अशा निबंधाला गिऱ्हाईक मिळणे अपरिहार्य होते. इंग्लंडमधील थॉमस लँकेस्टर आणि रॉबर्ट क्लार्क या अध्यापकांनी २००६मध्ये या व्यवहाराला कंत्राटी फसवणूक अशा अर्थाची संज्ञा दिली, आणि तेव्हापासून त्याचा अभ्यास स्वतंत्रपणे होऊ लागला. ऑस्ट्रेलियाने २०२०मध्ये आणि इंग्लंडने २०२२मध्ये विद्यार्थ्यांसाठी असे लेखन पुरवणे आणि त्याची जाहिरात करणे हा कायद्याने गुन्हा ठरवला. दोन्हीकडे कायद्याचा रोख विकणाऱ्यावर आहे. पण या बाजारातील प्रत्यक्ष लिहिणारे हात पुष्कळदा त्या देशांच्या हद्दीबाहेर असतात. केनियातील नैरोबी हे अशा लेखनाचे एक प्रमुख केंद्र बनले आहे. तेथील पदवीधर पण बेकार तरुण ब्रिटन-अमेरिकेतील विद्यार्थ्यांचे निबंध रात्री जागून लिहितात. ऑक्सफर्डमधील समाजशास्त्रज्ञ पॅट्रिशिया किंगोरी यांच्या शोधावर आधारलेल्या ‘द शॅडो स्कॉलर्स’ या २०२४मधील अनुबोधपटाने हे वास्तव जगापुढे ठेवले. ज्ञान एका खंडात निर्माण व्हावे आणि त्यावरची पदवी दुसऱ्या खंडात मिळावी, हा वसाहतकालीन कच्च्या मालाच्या व्यापाराचाच नवा अवतार म्हणावा लागेल.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८मध्ये वाङ्मयचौर्याला आळा घालणारे विनियम केले. त्यांत साम्याच्या प्रमाणानुसार पायऱ्या ठरवल्या आहेत. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य. चाळीस टक्क्यांपर्यंत असेल तर विद्यार्थ्याने सुधारित संहिता पुन्हा सादर करायची. साठपर्यंत असेल तर पुन्हा सादर करण्यास वर्षभरापर्यंत मनाई. त्यापुढे नोंदणीच रद्द. हे विनियम आवश्यक होते. परंतु त्यांच्या अंमलबजावणीचा भार ज्या संगणकीय तपासणीवर आहे ती शब्दांचे साम्य मोजते, आणि भाडोत्री प्रबंधाची खुबी अशी की तो अस्सल असतो. कुशल लेखक स्वतःच्या शब्दांत लिहितो. त्यामुळे साम्य शून्याजवळ येते. उलट धडपडत, अवतरणांचा आधार घेत स्वतः लिहिणारा विद्यार्थी वीस टक्क्यांवर अडकतो. ज्याने उसने घेतले तो सापडतो. ज्याने सगळेच विकत घेतले तो सुटतो. मोजता येते त्यालाच दोष मानण्याच्या आपल्या सवयीचे याहून चोख उदाहरण मिळणे कठीण.

मागणीही आपणच निर्माण केली. २०१०पासून प्राध्यापकांच्या बढतीसाठी शैक्षणिक कामगिरीचे गुणांक आले. २०१६च्या विनियमांत प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध होणे सक्तीचे होते आणि २०२२मध्ये ती सक्ती काढली. मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी २०१९मध्ये आली आणि २०२५मध्ये बंद झाली. या सर्व खटाटोपात ‘किती’ हा प्रश्न वारंवार विचारला गेला. ‘कशासाठी’ हा क्वचितच.

आता त्या मौखिकीकडे पुन्हा वळतो. तिच्यानंतर दोनेक वर्षांनी एका चर्चासत्रात, जेवणाच्या रांगेत, एक तरुण माझ्याजवळ आला. तो दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवत होता. सेट उत्तीर्ण होऊन त्याला बरीच वर्षे झाली होती. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तो हळूच म्हणाला, ‘सर, तिसऱ्या प्रकरणातला तो परिच्छेद आपल्याला आवडला होता, असं ऐकलं.’ मी त्याच्याकडे पाहत राहिलो. मग मी तोच जुना प्रश्न विचारला. त्याने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले की अरुण कोलटकरांची एक कविता तो आईला वाचून दाखवत होता. आई चौथी शिकलेली. तिने त्या कवितेचा भलताच अर्थ लावला, आणि तो चूक आहे हे तिला पटवून देता देता त्यालाच तो बरोबर वाटू लागला. तेथून तो परिच्छेद आला.

त्या तरुणाच्या चेहऱ्यावर अपराधी भाव नव्हता, अभिमानही नव्हता. आपल्याला एक वाचक मिळाला याचे समाधान होते. त्याला मिळालेल्या पैशात तो कदाचित सहा महिन्यांचे घरभाडे भरू शकला असेल. मी त्याचे नाव कोणाला सांगितले नाही. पण त्याचे नाव त्या परिच्छेदाखाली कधीच येणार नाही, आणि उद्या त्याने तोच विचार आपल्या स्वतःच्या लेखात मांडला, तर वाङ्मयचौर्याचा आरोप त्याच्यावरच येईल.

६

मग विद्यार्थ्याने निबंधाकडे कसे पाहावे? उपदेश करण्याऐवजी दोन विद्यार्थ्यांच्या निबंधांकडे लक्ष वेधावेसे वाटते.

पहिला निबंध १८५५चा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही चौदा वर्षांची मुलगी मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिते आणि ‘ज्ञानोदय’ तो दोन भागांत प्रसिद्ध करतो. वेद ब्राह्मणांचेच असतील आणि आम्हांला ते पाहण्याचाही अधिकार नसेल, तर आम्ही धर्मरहित आहोत हे उघड झाले. मग आमचा धर्म कोणता, हे देवानेच सांगावे, असा तिचा युक्तिवाद आहे. प्रतिपक्षाचे विधान जसेच्या तसे स्वीकारायचे आणि त्याचे पर्यवसान त्याच्याच पदरात घालायचे, ही तर्कपद्धती कसलेल्या वादपटूची आहे. पण त्याच निबंधात डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या आपल्या जातीतील स्त्रियांची थंडीवाऱ्यातली अवस्था येते, आणि तेथे तर्काला अनुभवाचा आधार मिळतो. भाषेची सफाई तिच्यापाशी किती होती, हा प्रश्न कोणी विचारत नाही. तो निबंध दुसरा कोणी लिहून देऊ शकला नसता. कारण तो ज्या जागेवरून लिहिला आहे ती जागा भाड्याने मिळत नाही.

याचा संबंध आजच्या प्रश्नाशी निकटचा आहे. पहिल्या पिढीतील अनेक विद्यार्थी केवळ प्रमाणभाषेच्या धाकाने दुसऱ्याकडे जातात. ‘आमचं मराठी शुद्ध नाही, सर’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे. त्यांना साहाय्य देणे हे आपले कर्तव्य आहे. कच्च्या लेखनावर संस्कार करणारा आणि कोरा कागद भरून देणारा यांत फरक आहे. पहिल्यात विद्यार्थ्याचा विचार उरतो, दुसऱ्यात तो सुरूच होत नाही. शुद्धलेखनाचे गुण आधी कापून आपण त्याला दुसऱ्या दाराकडे ढकलतो, हे आपल्याला दिसत नाही.

दुसरा निबंध ९ मे १९१६चा. न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास यांविषयीचा निबंध वाचला. पुढल्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्याच्या निबंधाची वाटचाल कशी असावी, हे त्यात स्वच्छ दिसते. प्रथम सेनार, नेस्फिल्ड, रिस्ले आणि केतकर यांच्या व्याख्या ते पुढे ठेवतात. यांतील श्रीधर व्यंकटेश केतकर हेही अमेरिकेत, कॉर्नेल विद्यापीठात, शिकलेले मराठी विद्यार्थीच होते. केतकरांच्या व्याख्येत जातीची दोन लक्षणे आहेत : सभासदत्व जन्माने मिळणे आणि गटाबाहेर विवाहाला बंदी असणे. आंबेडकर त्यांच्याशी बऱ्याच अंशी सहमत होऊन एवढेच दाखवतात की ही दोन लक्षणे नसून एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाहेर विवाह करण्यास बंदी घातली की सभासदत्व आपोआप जन्मापुरते मर्यादित होते. हे पाऊल लहान आहे. पण त्या एका पावलाने अंतर्विवाह हे जातीचे सारतत्त्व म्हणून हाती येते, आणि सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथांचा उलगडा तेथून सुरू होतो. अखेरीस, आपले मत टिकणारे नाही असे पटले तर ते सोडून देण्याची तयारीही ते दाखवतात.

विषयाचे प्रश्नात रूपांतर करणे, आधीच्यांचे म्हणणे त्यांच्या सर्वांत बळकट रूपात मांडणे, त्यापुढे स्वतःचे एक पाऊल टाकणे आणि ते मागे घेण्याची तयारी ठेवणे : चांगल्या निबंधासाठी याहून वेगळी युक्ती मला ठाऊक नाही. धर्मनिबंधाचा निर्णय आणि माँतेन्य यांची कसोटी ही दोन्ही त्यात एकत्र येतात.

परंतु या उदाहरणातील खरे मर्म पुढेच आहे. वीस वर्षांनी, १९३६मध्ये, ‘जातिनिर्मूलन’ या न झालेल्या भाषणात आंतरजातीय विवाहाचा मुद्दा पुन्हा येतो, आता उपाय म्हणून. आणि १९४४च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत आंबेडकर नमूद करतात की आपला तो जुना निबंध या ग्रंथात सामावून घेऊन नवी मांडणी करावी असा मानस होता, पण सवड झाली नाही. विद्यार्थिदशेतील एक चर्चानिबंध अठ्ठावीस वर्षे माणसाच्या मनात जागा राहतो. निबंधाचे मोल त्यावर मिळालेल्या श्रेणीत नव्हते. तो लिहिताना लिहिणाऱ्यात जे घडले त्यात होते. विकत घेतलेल्या निबंधाने श्रेणी मिळते. हे घडणे मात्र ज्याने लिहून दिले त्याच्यापाशीच राहते. ते सुपूर्द करण्याची सोय कोणत्याही करारात नाही.

७

नोव्हेंबर २०२२पासून संगणकाला विचारून निबंध लिहून घेण्याची सोय सर्वांच्या हाती आली. त्यामुळे नैरोबीतील किंवा आपल्या गावातील भाडोत्री लेखकाचा बाजार आटेल. प्रश्न मात्र आटणार नाही, तो उघडा पडेल. जो निबंध यंत्र लिहून देते आणि ज्यावर आपण पूर्वीइतकेच गुण देतो, तो निबंध विद्यार्थ्याकडून आपण का मागत होतो, याचे उत्तर आता शिक्षकाला द्यावे लागेल.

उपाय अवघड आहेत, अज्ञात नाहीत. वर्गातील साठ मुलांना एकच विषय न देता प्रत्येकाला त्याच्या वाचनातून प्रश्न शोधावयास लावावे. पहिला कच्चा खर्डा मागावा आणि त्यावर बोलावे. गुण मुक्कामाला न देता वाटचालीला द्यावेत. आणि मौखिकी हा पेढ्यांचा समारंभ न ठेवता संभाषण करावे. यासाठी वेळ लागतो आणि नेमलेले शिक्षक लागतात. रिक्त जागा तासिका तत्त्वावर भरून प्रामाणिक लेखनाची अपेक्षा करणे म्हणजे ज्याने शिकवायचे त्यालाच विकावयास बसवणे होय.

त्या मौखिकीत मी एक प्रश्न विचारून थांबलो. ‘दिलेले आहे’ हे उत्तर ऐकल्यावर दुसरा प्रश्न विचारणे माझे काम होते. तो मी विचारला नाही, कारण बाहेर चहा आला होता आणि मार्गदर्शक घड्याळ पाहत होते. त्या दालनात वाचक होण्याची जबाबदारी माझ्यावर होती. उमेदवाराने लेखकत्व विकत घेतले हे खरे. पण ज्या दिवशी मी वाचकत्व सोडले, त्या दिवशी त्या व्यवहारावर माझीही सही झाली.